रेडिचहून तिरुवोत्तियूरला

चेन्नईतील मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळात पहाटेची घंटा वाजत होती. त्याच वेळी आमच्या गल्लीत एक मोटारसायकल सुरू झाली. तिचा आवाज त्या गल्लीने सत्तावीस वर्षांत ऐकला नव्हता.

ती माझ्या वडिलांची 1962 सालची बुलेट. रेल्वेच्या नोकरीनिमित्त ते मद्रासला आले आणि येथेच स्थायिक झाले. त्यांच्यामागे गाडी जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. गतवर्षी घर रंगवायला काढले तेव्हा तिचे काय करायचे, असा प्रश्न निघाला. आई म्हणाली, "चालणार असेल तर ठेव. पण नुसती पुजायला ठेवू नकोस. त्यापेक्षा भंगारात गेलेली बरी."

या गाडीचे कूळ मोठे रंजक आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस रेडिच नावाचे गाव आहे. शिवणाच्या सुयांसाठी ते एके काळी जगभर प्रसिद्ध होते. तेथील सुया बनविणाऱ्या एका कारखान्याने पुढे सायकली बनविण्यास आरंभ केला. त्यातूनच रॉयल एनफील्ड कंपनी उभी राहिली आणि 1901 मध्ये तिने पहिली मोटारसायकल तयार केली. 'बुलेट' हे नाव 1932 मधले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, मागील चाकालाही धक्के शोषणारी योजना असलेली नवी बुलेट बाजारात आली. भारतीय सैन्याने ती सीमेवरील गस्तीसाठी पसंत केली. त्यातून 1955 मध्ये मद्रासमधील एका व्यापारी संस्थेच्या भागीदारीने एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि शहराच्या उत्तरेस तिरुवोत्तियूर येथे कारखाना निघाला. प्रारंभी विलायतेहून आलेले भाग येथे जोडीत. 1962 पर्यंत सारे भाग येथेच घडू लागले. पुढे 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि 1970 मध्ये इंग्लंडमधील उत्पादनही थांबले. मद्रासला मात्र बुलेट घडतच राहिली, इतकी की 1977 पासून ती इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. माहेर मोडले, पण लेक सासरी नांदली!

गाडी हातगाडीवर घालून पुदुपेट्टैला नेली. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा हा चेन्नईचा प्रसिद्ध बाजार. तेथील वृद्ध मिस्त्रींनी किक दाबून पाहिली; ती तसूभर हलली नाही. दट्ट्या सिलिंडरला गंजाने घट्ट धरून बसला होता. त्यांनी प्लगच्या छिद्रातून डिझेल आणि तेल ओतले आणि पंधरा दिवस थांबायला सांगितले. सोळाव्या दिवशी दट्ट्या सुटला. 346 घन सेंटिमीटरचे ते एकच सिलिंडर आतून घासून घेतले, मोठ्या मापाचा दट्ट्या बसविला, झडपा घोटून घेतल्या, विजेच्या तारा नव्याने ओढल्या. या इंजिनाची मूळ रचना कित्येक दशके फारशी बदलली नाही. म्हणून साठ वर्षांच्या गाडीला लागणारा भाग आजही जवळच्या दुकानात सापडतो.

अडचण आली ती पेट्रोलच्या टाकीची. वडिलांचे गुडघे जेथे टेकत, तेथील काळा रंग झिजून खालचे पोलाद दिसू लागले होते. तेवढी खूण राहू द्यावी, असा माझा आग्रह होता. मिस्त्रींनी टाकी उजेडात धरून आत डोकावायला सांगितले. तळाशी चांदण्यांसारखी बारीक भोके चमकत होती. "सार, पितळेची झाळ द्यावी लागेल. आचेने रंग जळणार. खूण हवी की गाडी, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मी दोन दिवस विचार केला आणि टाकी त्यांच्या हवाली केली. ती नव्या काळ्या रंगात, हाताने ओढलेल्या सोनेरी रेषांसह परत आली. सुंदर होती, पण वडिलांची नव्हती.

पहिली फेरी तिरुवोत्तियूरपर्यंत करायची, हे ठरलेलेच होते. डाव्या हाताची छोटी कळ दाबून दट्ट्यावरचा दाब सोडावा, अँमीटरचा काटा मध्यावर येताच कळ सोडून किक मारावी, हे तंत्र साधायला मला सात प्रयत्न लागले. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. नव्या गाड्यांच्या अगदी उलट! मरीनाचा किनारा, सेंट जॉर्ज किल्ला, बंदराची भिंत आणि 1856 सालचे रायपुरम स्थानक मागे पडले. कासिमेडूला मासळीचा लिलाव ऐन भरात होता. पुढे डोक्यावरून मेट्रो धावते. खाली आम्ही चाळीसच्या वेगाने ठकठकत चाललो होतो.

जेथे ही गाडी घडली त्या कारखान्याच्या भिंतीशी क्षणभर थांबलो, त्यागराजस्वामींच्या प्राचीन देवळात गेलो आणि मग समुद्राकडे वळलो. तेथे पट्टिनत्तार या तमिळ संताची समाधी आहे. ते कावेरीच्या मुखाशी राहणारे मोठे सागरी व्यापारी होते. आख्यायिका अशी, की एके दिवशी त्यांना एका पेटीत नेढे मोडलेली सुई मिळाली. जाताना एवढीशी सुईदेखील बरोबर येत नाही, हा अर्थ उमगून त्यांनी सर्वस्व सोडले.

सुयांच्या गावी जन्मलेली गाडी या समाधीसमोर उभी होती. वडिलांनी ती बरोबर नेली नाही, म्हणूनच ती मला मिळाली. माझ्याकडूनही ती पुढे कोणाकडे तरी जाईल. तिच्यावर पुढे माझ्या गुडघ्यांच्या खुणा उमटतील, आणि केव्हातरी त्याही कोणीतरी पुसून टाकील. टाकीविषयीची रुखरुख मी तेथेच ठेवली.

घरी परतलो तेव्हा आई दारात उभी होती. तिने टाकीवरून सावकाश हात फिरवला. रंगाविषयी चकार शब्द काढला नाही. "अंगणात तेल नाही ना गळायचं?" एवढेच तिने विचारले.

थोडेसे गळत होते.