एकास सत्त्याऐंशी

मॉडेल रेल्वे म्हणजे पोरखेळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुण्यात कोथरूडला जाऊन भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय एकदा जरूर बघावं. 1998 साली ते सुरू झालं. आम्ही तिघे रूम पार्टनर ते बघून आलो आणि ठरवलं, आपणही करायचं!

रूळ आणि इंजिन एका सीनियरकडून मिळालं. स्केल एचओ, म्हणजे 1:87. घोडं अडलं पुलापाशी. तयार किटमधले पूल बहुतेक परदेशी. दिसायला झकास, पण माझं गाव कासू, पेण आणि नागोठण्याच्या मधलं. जो पूल आपण कधी ओलांडला नाही तो कशाला करायचा? पूल आपल्याकडचाच हवा, हा माझा हट्ट.

पहिला नंबर अर्थातच कोकण रेल्वेच्या रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचा. उंची 64 मीटर, लांबी 424 मीटर. भागा 87 ने. उंची साधारण 74 सेंटिमीटर, चालेल. लांबी 4.87 मीटर! आमची रूम बारा फुटांची. म्हणजे उरलेला पूल कॉरिडॉरमधून न्यावा लागणार आणि रेक्टर सर त्याच्यावरून आमचीच वरात काढणार. पानवल बाद.

मग साधा प्लेट गर्डर घेतला. आपल्या रेल्वेचे स्पॅन ठरलेले असतात : 12.2, 18.3, 24.4, 30.5 मीटर. आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ हिशोब फुटांचा, 40, 60, 80, 100. त्यातला 18.3 घेतला की मॉडेलमध्ये 21 सेंटिमीटर होतात. असे दोन स्पॅन टेबलावर आरामात मावतात. जाड पुठ्ठा, फेविकॉल, ब्लेड... बजेट मेसच्या एका फीस्टपेक्षा कमी.

गंमत रुळांची. एचओचा रूळ 16.5 मिलिमीटर रुंद. त्याला 87 ने गुणलं तर 1435 येतात, म्हणजे युरोपातला गेज. आपला ब्रॉडगेज 1676, त्याला 19.3 मिलिमीटर हवेत. थोडक्यात, पूल देशी आणि रूळ विलायती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझं मराठी तसंच!

दिवाळीत ड्रॉइंग घेऊन घरी गेलो. आजोबांनी चष्मा लावून विचारलं, "गाळे किती रे?" स्पॅनला गाळा म्हणतात हे मला तेव्हा कळलं. 1986 मध्ये हे रूळ रोह्यापर्यंत पोचले, तो सगळा काळ आजोबांनी बघितलेला. कागद बराच वेळ बघून ते म्हणाले, "पूल गाडीसाठी नसतो बाळा, पाण्यासाठी असतो. गाडीला काय, मातीचा भराव पण चालतो."

मी गप्पच! तीन वर्षं आम्ही पुलावरून काय जातं त्याचा लोड काढतोय. खालून काय जातं, हा प्रश्न भराव्याशेजारी भात लावणाऱ्या माणसाला आधी पडतो. जुलैच्या पावसात मोरी तुंबली की वरच्या अंगाला पाणी साचतं आणि चार दिवसांत लावणी कुजते. घरात वर्षभराचा तांदूळ येणार की विकत आणायचा, हे त्या दीड-दोन मीटरच्या भोकावर ठरतं. आजोबा दर पावसाळ्यात गाडीचा टाइम विसरतील, पण मोरीकडे चक्कर मारायला विसरत नाहीत.

आमच्या मॉडेलवर पाऊस पडणार नाही. पुठ्ठ्याचा पूल उभा राहिला म्हणून खरा राहील असंही नाही, कारण लांबी 87 पटीने कमी होते तेव्हा वजन 87 च्या घनाने कमी होतं. तरी परत आल्यावर मी भरावात तीन मोऱ्या कोरल्या आणि दोन्ही बाजूंना हिरव्या लाकडी भुश्याची शेतं लावली. पार्टनर म्हणाला, "कोण बघणार आहे रे ते?"

लेआऊट गॅदरिंगला सिव्हिलच्या ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवणार आहोत. जरूर या. पुलाचे फोटो काढून झाले की जरा खाली वाका आणि मोऱ्या मोजा.