अन्नाचे चिलखत

टिकाऊपणा हा गुण खरा. पण तो कोठवर गुण राहतो, हे ठरविणे कठीण आहे. जेवणापूर्वी टिकावी आणि जेवणानंतर टिकू नये, अशी विचित्र अपेक्षा आम्हांला हल्ली तयार अन्नाच्या पाकिटांपासून करावी लागते.

अन्न पाकिटात भरून तोंड बंद करावयाचे आणि मग ते सबंध पाकीटच दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे, अशी ही रीत आहे. तत्त्व आपल्या घरच्या कुकरचेच. उकळत्या पाण्याला दाद न देणारे विषारी जंतूंचे बीजाणूही या तापाने नष्ट होतात. १९६८ साली जपानात ‘बोन करी’ अशा पाकिटातून बाजारात आली. पहिले पाकीट पारदर्शक होते व करी दोनतीन महिनेच टिके. पुढच्याच वर्षी त्यात ॲल्युमिनियमचा वर्ख आला आणि मुदत दोन वर्षांपर्यंत गेली.

आजही या चिलखताची घडण बहुधा तशीच असते. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये वर्ख, कधी जोडीला नायलॉन आणि आत पॉलिप्रोपिलीन. एक छपाई मिरवितो, दुसरा उजेड व हवा अडवितो, शेवटचा तोंड सांधतो. असे हे एकत्र कुटुंब मोठे गुण्यागोविंदाने नांदते. मात्र विभक्त होणे त्याला ठाऊक नाही. एकत्र वितळवावे, तर त्यातून कोणाच्याच कामाचे काही निघत नाही.

आमच्या बेळगावच्या दारी येणारा भंगारवाला पत्र्याचा डबा आनंदाने घेतो. हे पाकीट तो चुरगाळून पाहतो आणि परत करतो. “अरे, यात ॲल्युमिनियम आहे,” आम्ही म्हटले. “आहे हो काका, पण ते काढून कोण देणार?” तो म्हणाला. या प्रश्नापुढे शासनही अडखळले आहे. पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावे, असे २०१६ च्या नियमांत होते. २०१८ च्या दुरुस्तीने, ज्यापासून निदान ऊर्जा मिळते त्याला अभय दिले. म्हणजे सिमेंटच्या भट्टीत जळण्याची वाट मोकळी झाली. परंतु जळणे म्हणजे पुनर्जन्म नव्हे.

तरीही या पाकिटाला शिव्या देणे आम्हांला जमत नाही. डब्यापेक्षा ते कितीतरी हलके. पातळ असल्याने उष्णता लवकर आत पोचते आणि अन्नाची चव कमी बिघडते. दूरदेशी एकटी राहणारी आमची पुतणी थकून घरी आल्यावर वरणभात जेवते, तो याच पाकिटाच्या कृपेने.

आता वर्ख वगळून, जवळजवळ सगळे पॉलिप्रोपिलीनचेच, वर काचेसारखा अतिसूक्ष्म लेप दिलेले पाकीट निघाले आहे. त्याचा पुनर्वापर होऊ शकतो. होऊ शकणे आणि होणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. तेलकट पाकीट धुवावयाचे कोणी, निराळे ठेवावयाचे कोणी, नेऊन पोचवावयाचे कोणी? कारखानदाराने त्यावर हवी ती खूण छापावी; आमचा भंगारवाला ते तराजूत टाकील, त्या दिवशी आम्ही त्या खुणेवर विश्वास ठेवू.