वर-खाली विस्तव

दोन वर्षांमागे हिच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, मासे खा, पण तळण बंद. हिने त्यातलं अर्धंच धरलं. "तळलेलो खावचो नाय तर मासोच नको," म्हणाली आणि पेजेवर बसली. माझ्यासाठी मात्र बांगडा तव्यावर टाकायचीच. समोर ती पेज ओरपतेय आणि मी कुरकुरीत तुकडी मोडतोय, असं चार महिने चाललं. घास उतरायचा नाही.

मुलाने आणलेला ओव्हन फडताळावर धूळ खात पडला होता. सुनेने फोनवर सांगितलं, मासा पावाच्या चुऱ्यात घोळवून भाजा. मी जन्मात चहापलीकडे काही केलं नव्हतं. सायकलवाल्याचे उरलेले पाव दोन दिवस उन्हात वाळवले, पाट्यावर भरडले. चुरा रव्याएवढा जाड हवा, पीठ झालं की लगदा होतो. मासा बांगडाच घेतला. त्याच्या अंगचं तेल असतं, सुरमईसारखा तो कोरडा पडत नाही. पाठीकडून चिरून मधला काटा काढला, हळद-मिरची-लसूण लावलं. आंबटाला आगळ. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून घातलं नाही.

पहिला डाव फसला. थंड ओव्हनमध्ये ओला मासा ठेवला. वरून पांढरा, खालून गिळगिळीत. ही बघून म्हणाली, "माशाक गोधडी घातलात काय?"

आठवड्याने परत बसलो. या खेपेला तुकड्या फडक्याने टिपल्या, चुऱ्याला चमचाभर खोबरेल चोळलं (त्याशिवाय रंग येत नाही), ओव्हन आधी २०० वर तापवला, मासा जाळीवर ठेवला. दहा मिनिटं झाली नाहीत तोच परतीचा पाऊस कोसळला नि वीज गेली. आमच्याकडे गेली की रात्रभर गेलीच.

मी कपाळाला हात लावून बसलो. ओटीवरून ही उठून आत आली. चार महिन्यांत माशाच्या भांड्याला तिने स्वतःसाठी हात लावला नव्हता. "धोंडस कसा करतत, इसारलात?" तवशाचं धोंडस आमच्याकडे टोपात, खाली विस्तव नि झाकणावर विस्तव ठेवूनच होतं. आईही तसंच करायची. पण मासा आणि धोंडस यांची सांगड माझ्या डोक्यात कुठून येणार!

तिने टोपात जाळी बसवली, वर तुकड्या मांडल्या. चुलीत चार निखारे ठेवून बाकीचे सगळे झाकणावर पसरले. "खाली जास्त झालो तर करपतलो." पंधरा मिनिटांनी झाकण काढलं. चुरा तांबूस झाला होता.

कंदिलाच्या उजेडात तिने एक तुकडी मोडली. कुर्र वाजली. चावत राहिली, काही बोलेना. मी तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी आसा," म्हणाली आणि दुसरी तुकडी ओढून घेतली.