चाळीस चिंचोके

अब्बांचा इंतकाल १९९१ साली झाला. दादा-दादी आधीच गेलेले. मागे अम्मी, आम्ही दोघे भाऊ, आपा आणि एक एकर जिरायत जमीन. चाळिसावा झाल्यावर वाटणीचा विषय निघाला.

मी नुकताच बी.एस्सी. झालेलो, हिशेब माझ्याकडे आला. अम्मीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक, हे सर्वांनाच ठाऊक. मी कागदावर गणित मांडलं. आपाचा वाटा सात-चाळिसांश आला.

भाईजान म्हणाले, "असला तुकडा काढायचा कुठून? आपा, तू हक्कसोड देऊन टाक. माहेर तुझंच आहे."

आपा मान खाली घालून बसली. मीही गप्प राहिलो. खरं सांगायचं तर ही अपूर्णांकाची अडचण मला सोयीची वाटत होती.

अम्मी कधी शाळेत गेली नव्हती. तिने डब्यातले चिंचोके आणले आणि चाळीस मोजून चटईवर ठेवले. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून चिंचोके चाळीस. पाच तिने स्वतःकडे ओढले. मग भाईजानना दोन, मला दोन, आपाला एक, अशा फेऱ्या सुरू केल्या. सात फेऱ्यांत चटई रिकामी झाली. आपापुढे सात चिंचोके होते.

"हे सात गुंठे कुणाच्या ढिगात टाकू, सांगा," अम्मी म्हणाली.

कुणीच हात पुढे केला नाही. सातबाऱ्यावर आपाचं नाव लागलं.

नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मींच्या बीजगणितावरील ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे, हे मला पुढे वाचनातून कळलं. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांचं एक म्हणणंही तेव्हाच वाचलं. प्रश्न सोडवणं म्हणजे उत्तर डोळ्यांना दिसेल अशा रीतीने तो पुन्हा मांडणं, असं त्यांनी १९६९ साली लिहिलं होतं. अम्मीने वेगळं काय केलं होतं?

माझं उत्तर चुकलं नव्हतं. सात-चाळिसांश आणि सात गुंठे एकच. पण माझ्या मांडणीत आपाची जमीन दिसत नव्हती. जे दिसत नाही ते मागून घेणं सोपं असतं.

आता गावातले लोक वाटणीचा हिशेब करायला माझ्याकडे येतात. मी आधी घरातल्या मुलींना बोलवायला सांगतो. मग चिंचोक्यांचा डबा काढतो.