कुणाचे पैसे थांबवायचे?

मराठीत ‘प्रोड्यूसर’ म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांसमोर येतात. एक, गळ्यात चेन घालून मुहूर्ताचा नारळ फोडणारा. दुसरा, सिनेमापायी घरदार विकून देशोधडीला लागलेला. या दोघांच्या मधला, पहाटे सहाला जनरेटरच्या डिझेलचा हिशेब करत बसलेला निर्माता सहसा कुणाला दिसत नाही. मी सहा वर्षं छोट्या बजेटच्या फिल्म्सवर प्रॉडक्शनचं काम करतोय. मला मात्र रोज तोच दिसतो.

मोठ्या सिनेमात अडचण आली की पैसे ओतून ती सोडवता येते. पाऊस लागला तर तारखा वाढवा, आवाज खराब आला तर डबिंग करा. छोट्या सिनेमात आकडा आधीच ठरलेला असतो. क्रेन मागवली तर शूटिंगचा एक दिवस जातो. दिवस वाढवला तर एडिटचे पैसे संपतात. सगळीकडे कात्री लावून झाली की शेवटी एकच गोष्ट उरते, माणसांचा मेहनताना. ‘फिल्म विकली गेली की देतो’ हे वाक्य तिथे जन्माला येतं. माझ्या पहिल्या कामाचे नऊ हजार अजून त्या वाक्यातच अडकलेत. त्यामुळे पैसा उभा कसा केला, यापेक्षा कमी पडल्यावर कुणाचा थांबवला, यावरून मी निर्माता ओळखतो.

आपल्याकडे काही निर्मात्यांनी तो स्वतःचा थांबवला. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या. रोपटं वाढतानाची छोटी फिल्म बनवून सावकाराला दाखवली, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळालं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय युनिटचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोकं पाडली. 3 मे 1913 ला तो सिनेमा गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. सरस्वतीबाईंना आपण ‘फाळक्यांची बायको’ म्हणून ओळखतो. मी त्यांना आपल्या सिनेमाची पहिली प्रॉडक्शन मॅनेजर म्हणेन.

‘सामना’चे निर्माते रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक आणि कवी. सिनेमाच्या धंद्यातला हा माणूस नव्हे. पण तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन घेऊन त्यांची फिल्म 1975 साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत पोचली. अलीकडचं उदाहरण ‘कोर्ट’चं. चैतन्य ताम्हाणे स्क्रिप्ट लिहीत होता, तेव्हा विवेक गोम्बर त्याला त्यासाठी दरमहा पैसे देत होता. म्हणजे शूटिंगच्याही आधी, कागदावरच्या वेळेचे पैसे. पुढे त्याने निर्मिती केली आणि बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही. 2014 मध्ये या फिल्मला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले. चांगला निर्माता असाच वेळ विकत घेतो आणि तो दुसऱ्याला देऊन टाकतो.

आता आंबीची गोष्ट. तळेगाव स्टेशनकडून इंद्रायणी ओलांडली की आंबी लागतं. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. माझी मैत्रीण तिथे अर्ध्या तासाची फिल्म करणार होती. बजेट चार लाख साठ हजार, युनिट बावीस जणांचं, शूटिंग चार दिवस. तीन लाख माझ्या मामाने घातले, जमिनीच्या मोबदल्यातले उरलेले. मामीला त्यातून गोठ्यावर नवे पत्रे घालायचे होते. ती मामाशी दोन दिवस बोलली नाही.

बाकीचे पैसे आम्ही दोनशे-पाचशे करत ओळखीपाळखीतून जमवले. याला आता क्राउडफंडिंग म्हणतात, पण तळेगावाला हे नवं नाही. अंताजीपंत काळ्यांच्या पैसा फंडातून, माणशी एकेक पैसा गोळा करून, 1908 मध्ये इथे काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे 1976 साली गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन ‘मंथन’ उभा केला. अशा पैशाला व्याज नसतं, पण दोनशे देणारा माणूस भेटला की विचारतो, “पिच्चरचं काय झालं?” व्याजापेक्षा ते जड जातं.

मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर होऊन समितीने पाहिल्यावर. चालू शूटिंगमध्ये डिझेलला ते कामी येत नाही.

चौथ्या दिवशी मावळातला पाऊस आला. सकाळी अकरापासून चारपर्यंत कॅमेरा ताडपत्रीखाली. नदीकाठचा शेवटचा सीन राहिला. पाचवा दिवस हवा होता आणि त्याचा खर्च होता चौतीस हजार. युनिटमधली बहुतेक मुलं नवी होती. अर्ध्या पैशांत थांबा म्हटलं असतं, तर थांबली असती. कॅमेरामनने तसं सुचवलंही.

मामा म्हणाला, “भातलावणीला बाया येत्यात. पाऊस आला न् काम थांबलं, तरी त्यांचा दिस भरला. हितं काय येगळं हाय?”

मग त्याने माझ्याकडून खर्चाची वही घेतली आणि दिग्दर्शिकेसमोर ठेवली. “ड्रोन का नदी, एक सांग पोरी.”

ड्रोनवरून दिसणारं गाव हा तिचा ओपनिंग शॉट होता. ती तासभर कुणाशी बोलली नाही. मग तिने नदी घेतली. ड्रोनवाल्याचं बुकिंग रद्द झालं, कमी पडलेले आठ हजार मामाने वर घातले. पाचव्या दिवशी स्पॉट दादांपासून सगळ्यांना पूर्ण पैसे मिळाले, तेही पॅकअपच्या आधी. फिल्मची सुरुवात आता थोडी साधी वाटते. ते मला अजून खटकतं. शेवट मात्र तिला हवा होता तसाच आहे.

त्या रात्री ओसरीवर हिशेब लावत बसलो होतो. टेम्पो, लाइट, डिझेल, जेवण. जेवणाच्या रकान्यात फक्त किराणा, भाजी आणि गॅस. रांधणाऱ्या बाईच्या नावावर शून्य. मी मामाला विचारलं. तो म्हणाला, “घरच्याला कसले पैसे?”

मामी भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, “केटरिंगवाला ताटामागं किती मागत हुता?”

“एकशे वीस.”

“बावीस माणसं, दोन टायमाला, पाच दिस. मांड.”

मी मांडलं. सव्वीस हजार चारशे झाले. मामाने आकडा दोनदा वाचला. त्यातून किराणा वजा कर, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर सगळ्यांचे पैसे वेळेवर देणाऱ्या माणसानेही घरात एकीचे थांबवले होते.

फिल्म सध्या महोत्सवांना पाठवतोय. पाट्यांमध्ये मामीचं नाव सहनिर्माती म्हणून आहे. ते तिने फोनवर थांबवून थांबवून वाचलं. म्हणाली, “नाव ऱ्हाऊ दे. पत्रे कधी येत्यात?”

वहीत ‘देणे’ या रकान्यात आता एकच आकडा उरलाय.