सात जानेवारीचा नाताळ

परदेशात शिकवणाऱ्या शिक्षकाला डिसेंबर उजाडला की वर्ग सजवावासा वाटतो. इथिओपियात ही हौस नेमकी अवेळी येते. आदिस अबाबात २५ डिसेंबर हा साधा कामाचा दिवस. शाळा भरते, कचेऱ्या उघड्या असतात. तिथला नाताळ, म्हणजे गेन्ना, येतो ७ जानेवारीला. त्याआधी, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, ऑर्थोडॉक्स घरांमध्ये ४३ दिवसांचा उपास चालू असतो. मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं वर्ज्य. अनेक जण तर दुपार टळेपर्यंत तोंडात काहीच घालत नाहीत. अशा वेळी २५ डिसेंबरला शिक्षकाने मोठ्या प्रेमाने वर्गात केक कापला, तर अंडी-लोणी घातलेला तो केक उपास धरलेल्या मुलांपुढे येतो. मुलं मर्यादशील असतात, हळूच नको म्हणतात. शिक्षकाला वाटतं, यांना आपला सण परका. खरं तर सण त्यांचाच आहे. परदेशात राहून शिकवणाऱ्याने नाताळ जरूर साजरा करावा, मनापासून करावा, पण तो विद्यार्थ्यांकडून शिकून करावा असं माझं ठाम मत आहे. यात सौजन्य आहेच, पण माझ्या लेखी हा अध्यापनाच्या कसबाचा प्रश्न आहे.

सुरुवात पंचांगापासून होते. इथिओपियाच्या वर्षात प्रत्येकी तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा चिमुकला तेरावा महिना, पागुमे. वर्षारंभ सप्टेंबरात होतो आणि सनाचा आकडा आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असतो. २००० हे साल तिथे सप्टेंबर २००७ मध्ये सुरू झालं. गेन्ना ताहसास महिन्याच्या २९ तारखेला येतो. ज्या वर्षी पागुमेचा सहावा दिवस घातलेला असतो, त्यानंतरच्या वर्षी तो २८ला धरतात, म्हणून आपल्या दिनदर्शिकेत ७ जानेवारी हलत नाही. अधिक महिना आणि क्षयतिथी यांच्यासोबत वाढलेल्या मराठी माणसाला यात अवघड काही नाही. तरीही परदेशी शिक्षक सर्रास सांगतात की इथे नाताळ तेरा दिवस 'उशिरा' येतो. हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. प्राचीन इथिओपियातल्या अक्सूमचा राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात. आज आपण भिंतीवर टांगतो ती ग्रेगोरियन दिनदर्शिका निघाली १५८२ साली. आणि परदेशी असण्याचं म्हणाल तर, इथिओपियाच्या चर्चचा पहिला बिशप फ्रुमेंटियस हा स्वतः परदेशी होता. रुफिनस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की हा टायरचा मुलगा आपल्या गुरूबरोबर समुद्रप्रवासाला निघाला असताना या किनाऱ्यावर पकडला गेला, राजदरबारी वाढला आणि राणीच्या विनंतीवरून बाल राजपुत्र मोठा होईपर्यंत कारभार सांभाळत राहिला. इथिओपियाने त्याला आपलं म्हटलं, कारण तो आधी तिथला झाला होता.

हेच भारताच्या बाजूने पाहिलं तर तारखेचा आग्रह आणखी सैल होतो. सम्राट हाइले सेलासी यांच्या काळापासून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने इथिओपियात गेले, त्यांत केरळचे पुष्कळ. केरळातलं मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आणि इथिओपियाचं चर्च एकाच प्राच्य ऑर्थोडॉक्स कुळातली. तरीही मलंकरा नाताळ २५ डिसेंबरला करतात, इथिओपियन ७ जानेवारीला, आणि त्याच कुळातले आर्मेनियन ६ला. एकमेकांना अधिकृतपणे आपलं मानणारी चर्चेस तारखेवरून भांडत नाहीत, तर इंग्रजीच्या शिक्षकाने ती का लादावी?

आता वर्गात काय करायचं ते. भाषा शिकवताना बहुतेक वेळा शिक्षक जे विचारतो त्याचं उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं, आणि मुलांनाही ते कळत असतं. म्हणून उत्तरं निर्जीव येतात. बर्फ, घसरगाडी, धुराड्यातून उतरणारा सांता यांवरचा धडा तर याहून पुढे जातो: त्यात मुलांकडे सांगण्यासारखं काहीच उरत नाही. याउलट 'तुमच्या घरी गेन्नाला दोरो वत कसं करतात?' हा प्रश्न खरा असतो, कारण उत्तर फक्त मुलांकडे असतं. कोंबडी लिंबू-मीठ लावून पुन्हापुन्हा धुवायची. कांदे, तेही ढीगभर, बारीक चिरून थेंबभरही तेल न घालता कोरडेच मंद आचेवर परतायचे. ते आटून, गडद होऊन त्यांचा लगदा व्हायला फार वेळ लागतो, आणि घाई केली की ते करपतात. मग बर्बेरे ही लाल मसाल्याची पूड, मग मसाल्यात कढवलेलं तूप, मग परंपरेने केलेले कोंबडीचे बारा तुकडे, आणि शेवटी उकडलेली अख्खी अंडी. ४३ दिवस वर्ज्य असलेलं सगळं एका भांड्यात येतं आणि इंजेरा या तिथल्या भाकरीवर वाढलं जातं. हे इंग्रजीत लिहायचं तर क्रम, प्रमाण, काळ, कारण, इशारा असं सगळं व्याकरण लागतं, आणि मुलगा ते मागून घेतो, कारण त्याला आपल्या आईची कृती चुकीची सांगायची नसते. एकीच्या घरी आलं आधी पडतं, दुसरीच्या घरी नंतर. यावरून इंग्रजीत जो वाद रंगतो, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकातला संवाद रंगवू शकत नाही.

गेन्ना हेच नाव असलेला एक खेळही आहे. वाकड्या टोकाच्या काठीने लाकडी चेंडू टोलवायचा. हॉकीचा जवळचा नातेवाईक. येशूच्या जन्माची वार्ता ऐकून मेंढपाळांनी आनंदाने काठ्या फिरवल्या, तिथून तो आला असं लोक सांगतात. या खेळात धन्याने रागवायचं नसतं, हा त्याचा जुना संकेत. एरवी थोरामोठ्यांपुढे मान खाली घालणाऱ्या समाजात हा दिवस वरचा-खालचा भेद सैल करतो. मैदानावर नियम विद्यार्थी सांगतात आणि शिक्षक चुकतो. चुका करत शिकणं म्हणजे काय, हे मुलांना दाखवायची इतकी चांगली संधी वर्षात दुसरी मिळत नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला: वर्गातली सगळी मुलं ऑर्थोडॉक्स नसतात. बरोबर आहे. २००७च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४३.५ टक्के ऑर्थोडॉक्स आणि ३३.९ टक्के मुस्लिम होते, प्रोटेस्टंटही बरेच. शिवाय तिथे ख्रिस्ती आणि मुस्लिम एकमेकांच्या घरचं मांस खात नाहीत. पण म्हणूनच धडा एका धर्माचा न ठेवता सणाच्या ताटाचा ठेवावा. मुस्लिम मुलगी ईदचं ताट लिहील आणि शेजारणीच्या गेन्नाबद्दल जे दिसतं तेही लिहील. शेजार त्यांना शिक्षकापेक्षा कितीतरी अधिक कळतो. दुसरा आक्षेप: इंग्रजीबरोबर इंग्रजांच्या गोष्टीही यायला हव्यात. याव्यात, पण इंग्रजी इथे माध्यमिक शाळेत विज्ञान-गणिताचं माध्यम आहे. ती रोज वापरायची भाषा आहे, आणि स्वतःचं जग मांडता येणं ही तिची पहिली कसोटी. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: आदिस अबाबाच्या दुकानांत प्लॅस्टिकची झाडं आणि सांता आलेले आहेतच, मग शिक्षकाने जुन्याचा पहारेकरी का व्हावं? होऊ नयेच. शहरातल्या मुलाने घरातल्या दिव्यांच्या झाडावर लिहिलं तर ते त्याचं खरं जग आहे. परंपरा राखणं आपलं काम नाही. मुलाला जे दिसतं ते त्याच्याकडून ऐकणं आपलं काम आहे.

उरतो शिक्षकाचा स्वतःचा प्रश्न. घरापासून दूर डिसेंबर जड जातो. ज्याच्या मनात वसईची किंवा गोव्याची मध्यरात्रीची मिस्सा आहे, गोठा आहे, नेवऱ्या आहेत, त्याने २५ तारीख आपल्या बिऱ्हाडात, आपल्या माणसांबरोबर जरूर पाळावी. हिंदू शिक्षकाला वाटतं, दुसऱ्याच्या पूजेत आपण कसं जावं? त्यावर उपाय या सणातच आहे. मेजवानीपेक्षा उपासाच्या दिवसांत शिरकाव सोपा असतो. उपासाच्या ताटातला शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं, मसाला घालून शिजवलेलं पिठलंच. त्यात मांसाचा प्रश्नच नाही, त्यामुळे ख्रिस्ती, मुस्लिम आणि शाकाहारी मराठी शिक्षक एकाच इंजेऱ्यावरून तो खाऊ शकतात. गेन्नाच्या रात्री पांढऱ्या शाली पांघरून लोक चर्चमध्ये रात्रभर उभे राहतात, ढोल आणि खुळखुळ्यांसारखी त्सेनात्सिल वाजतात. लालिबेलाला तर खडकात कोरलेल्या बेते मरियमच्या वरच्या कड्यावर आणि खाली प्रांगणात उभे राहून पुजारी एकमेकांना गाण्यातून उत्तर देतात. तिथे पादत्राणं काढून कडेला उभं राहायला श्रद्धा बदलावी लागत नाही.

म्हणून इथिओपियाला, किंवा वेगळं पंचांग असलेल्या कोणत्याही देशात, शिकवायला निघालेल्यांना एवढंच सांगणं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस वर्गाला विचारा, उपास कधी लागतो आणि कोण कोण धरतं. त्या दिवसांत कठीण धडे सकाळी घ्या, दुपारी मुलांना पळवू नका, वर्गात खाऊ वाटू नका. आणि ७ जानेवारीला एखाद्या विद्यार्थ्याच्या घरून बोलावणं आलं, तर जा.