शेजारीं बसलेला गुरु

अध्यापनांत जिवाला धोका नाहीं, ही आमची तीस वर्षांची समजूत एका माजी विद्यार्थ्यानें परवां मोडली. चेन्नईजवळ शर्यतीच्या मार्गावर हौशी मंडळी शर्यतीवांचून आपापल्या मोटारी भरधांव हांकावयास येतात. तेथें नवख्यांच्या शेजारीं बसून तो त्यांस शिकवितो. मोटार शिकविण्याच्या गाडींत निदान शिक्षकाच्या पायाशींहि ब्रेक असतो. येथें स्टिअरिंग शिष्याचें, ब्रेकहि शिष्याचा. गुरूपाशीं केवळ शब्द! आणि ताशीं १५० किलोमीटर वेगांत एका सेकंदाला गाडी ४० मीटरांहून अधिक पुढें जाते. सीन एडवर्ड्स हा निष्णात ब्रिटिश शर्यतवीर २०१३ सालीं ऑस्ट्रेलियांत असाच शेजारीं बसून शिकवीत असतां मरण पावला.

"पहिल्या फेरीची भीति नसते, सर," तो म्हणाला, "'आतां जमलं' असं शिष्याला वाटतं, त्या फेरीची असते."

आमची लाल रेघ चूक झाल्यावर उमटते. त्याला ती आधींच ओढावी लागते.

निघतांना त्यानें नमस्कार केला. "सांभाळून रे," आम्हीं म्हटलें. आणि मग उमगलें कीं, सांभाळणें त्याच्या हातीं मुळीं नाहींच.